नावावरची टाळी

माझं काम काय आहे हे लोकांना समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडला. "डीजेची गाणी बनवते" म्हटलं की समोरचा माणूस एकदा माझ्या तोंडाकडे बघतो, एकदा माझ्या पिकलेल्या केसांकडे, आणि म्हणतो, "पण डीजेवर तर पोरं असतात ना?" असतात बाबा. गाडीवर पोरंच असतात. पण ती जे वाजवतात ते कोणीतरी खोलीत बसून बनवलेलं असतं, आणि ती कोणीतरी म्हणजे मी. फोनवर गिऱ्हाइकं सुरुवातीलाच "दादा" म्हणतात, माझा आवाज ऐकून चपापतात आणि विचारतात, "ताई, दादा आहेत का?" दादाबिदा कोणी नाही, जे काय आहे ते मीच, असं म्हटलं की काही जण फोन ठेवून देतात. ठेवू देत. लग्नसराई आली की झक मारत परत येतात.

जळगावात भावाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या मागची खोली माझी. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकी विटांनी बुजवलीय, आणि रेकॉर्डिंग चालू असताना कूलर बंद ठेवावा लागतो. जळगावच्या उन्हाळ्यात कूलर बंद म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. गाणारा माणूस दोन कडव्यांत अर्धा होतो.

आता जे सांगायचंय त्यासाठी माझ्या कामातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. फार अवघड नाही. डीजेच्या गाण्यात छातीवर बसणारा जो ठोका असतो त्याला आम्ही किक म्हणतो. ती एकसारखी पडते, पोरं तिच्यावर नाचतात. पण किक आणि बाकीची वाद्यं एकदम वाजली की नुसता गढूळ गोंगाट होतो, ना ठोका कळतो ना गाणं. म्हणून बाकीच्या आवाजांवर कॉम्प्रेसर बसवायचा आणि त्याचा कान किकला जोडून द्यायचा. किक वाजली की तो बाकी सगळ्यांना क्षणभर खाली दाबतो, किक गेली की सोडून देतो. घरात सासू बोलायला लागली की सुना गप्प बसतात, ती थांबली की पुन्हा कुजबुज सुरू होते, तसंच. याला साइडचेन म्हणतात. अख्खं गाणं त्यामुळे श्वास घेतल्यासारखं खालीवर होतं, आणि ते खालीवर होणंच पोरांच्या पायांत शिरतं. हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा केलंय की हात आपोआप चालतो.

मायच्या गाण्यावरही तो तसाच चालला.

माय म्हणजे माझी आई. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात ती कानबाईची गाणी धरायची. श्रावणातल्या एका रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते, सोमवारी सकाळी तिला नदीवर नेतात, आणि मधल्या रात्री बायका गातात. गाणं धरणारी एक आणि मागून उचलणाऱ्या बाकीच्या. आमच्या भाऊबंदकीत एक रीत आहे. कानबाईच्या नैवेद्याला गोड रोट करतात, त्यांचे गहू प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठमूठ मोजून एकत्र दळतात. ज्याच्या नावाची मूठ त्यात पडली तो आपला. मग त्याचं नाव गाण्यातही येतं. गाणं धरणारी एकेक नाव घेते आणि प्रत्येक नावावर सगळ्या बायका मिळून एक टाळी देतात. नाव आणि टाळी एकदमच पडली पाहिजेत. टाळी मागेपुढे झाली तर माय गाणं थांबवून डोळे वटारायची. रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत. तेव्हा कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे बघायचं असेल तर ते गाणं ऐकावं.

माझे वडील गेले त्या वर्षी आमच्या घरी कानबाई बसवता येत नव्हती. वडील थोरले, त्यामुळे ती नेहमी आमच्याकडेच बसायची. काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावानं, ती स्वतःच्या घरी बसवली. देवी रिकामी राहू नये म्हणून बसवली असं त्यांचं म्हणणं, आणि मला वाटतं ते खरंच असावं. पण मायला विचारलं नाही. नुकतीच विधवा झालेली बाई घराच्या कोपऱ्यात बसून समोरच्या गल्लीतून येणारी आपलीच गाणी ऐकत होती. तिच्या मनाला ते फार लागलं. पुढच्या वर्षी गहू मोजायला भाऊबंदकी आमच्या ओसरीवर जमली, काका त्यांच्या मुठीसाठी पुढे झाले, आणि माय सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमना रोट तुमना घर. आठे तुमना नावनी मूठ पडाव नही."

झालं. काका उठून गेले. त्या वर्षी गाण्यात त्यांचं नाव आलं नाही, त्यांच्या जागेची टाळीही पडली नाही. तेव्हापासून ते आणि काकू आपल्या घरी दोघांपुरते रोट करायचे. दोन्ही घरं एका हाकेवर, पण येणं नाही, जाणं नाही, लग्नाला नाही, मयताला नाही. माय आणि काका, दोघंही मनानं चांगली आणि दोघंही हट्टी. मी किती वेळा डोकं आपटलं! शेवटी हात टेकले.

मग मायचा घसा बसला. आधी वाटलं गाऊन बसला, मग वाटलं धुळीनं. भावानं धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की स्वरयंत्रात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानं जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. गळ्याला पुढून एक छिद्र राहील, श्वास त्यातूनच चालेल. थांबण्यासारखं नाही, होळीच्या आगेमागे करून टाकू.

परत येताना हायवेवर भाऊ गाडी चालवत रडत होता. माय मागे खिडकीशी बसली होती. मला वाटलं ती गाण्याचं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "मंग श्रावणमा त्यानं नाव कोन लेई?"

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी भडकलेच. इथे गळ्यावर सुरी फिरायची वेळ आलीय आणि हिला दिराच्या नावाचं पडलंय! "इतकं व्हतं ते जाय ना त्यासना घर," मी म्हटलं, "सांगी दे तोंडवर, चुकनं मनं म्हनीसन."

"घरमा जाईसन सांगाले ती काय चोरीनी गोट शे?" माय म्हणाली. "भांडन बठ्ठासमोर व्हयनं. ज्या तोंडमाईन त्यानं नाव काढं, त्याच तोंडमाईन बठ्ठासमोर परत लेवाले पाहिजे. गानामा."

सगळ्यांसमोर तोडलं ते सगळ्यांसमोरच जोडायचं. तिच्या हिशेबात दुसरा मार्गच नव्हता. आणि तिनं आणखी एक अट घातली. गळ्याचं गावात कोणाला कळता कामा नये. "दया करीसन उना ते माले नको. नाव लिधं म्हनीसन येवाले पाहिजे."

म्हणून आवाज असेतोवर तिचं गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं. सोमवारी कानबाई नदीवर निघते तेव्हा मिरवणूक काकांच्या दारावरूनच जाते. तिथे भोंग्यातून मायच्या आवाजात त्यांचं नाव ऐकू जाईल, सगळ्या गावादेखत. तिच्या सगळ्या जिवाचा आटापिटा एवढ्याचसाठी होता.

रेकॉर्डिंगला माय माझ्या खोलीत पाटावर बसली. खुर्चीवर बसून गाणं येत नाही म्हणे. कूलर बंद केला. आवाज चिरका झाला होता, वरच्या सुराला फाटत होता, मधेच खोकला यायचा. पण लय हलली नाही. एकटीच गायची आणि एकटीच नावांवर टाळी द्यायची. काकांच्या नावाशी आली तेव्हा मी हेडफोन घट्ट दाबून धरले. नाव आलं, टाळी आली, आणि ती पुढे गेली, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. मला घाम फुटला होता आणि मी तो कूलरवर ढकलला.

साधं गाणं तसंच वाजवलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण मिरवणुकीचं सगळं भाऊबंदकीतल्या एका चुलत भावाकडे असतं. मोठा बाप्या माणूस, स्वतःची पोरं कॉलेजात, पण डीजेचं नाव काढलं की अंगात येतं त्याच्या. तो म्हणाला, "अक्का, नुसत्या गाण्यावर कोण नाचेल? पोरं गाडीपुढे उभीच राहणार नाहीत. किक टाक चांगली. काकूंचं गाणं असं वाजवू की पारोळ्यापर्यंत ऐकू जाईल." काकू म्हणजे माझी माय. मला पटलं. गर्दीच नसेल तर नाव ऐकणार कोण?

मी मायच्या टाळीवर किक ठेवली. कोणीही तिथेच ठेवली असती. टाळी जिथे, ठोका तिथे. खाली बेस घातला, संबळासारखं काहीतरी घातलं, आणि सगळ्यावर, आवाजावरसुद्धा, साइडचेन लावली. गाणं असं काही उसळायला लागलं की माझेच पाय हलले. लांबी बरोबर आहे का बघायला चुलत भावाला पाठवून दिलं. त्याचा लगेच फोन, "अक्का, जाळ शे जाळ!"

संध्याकाळी मायला ऐकवलं. ती मांडीवर टाळीचा हात धरून बसली. पहिलं नाव गेलं, दुसरं गेलं, तिचा हात थांबला.

"नाव कोठे गयं?"

"शे ना, ऐक."

"टाळी शे. नाव नही शे." तिनं पुन्हा ऐकलं. "तो ठोका पडस आनि मना गळा दाबी टाकस कोनी. बरोबर नाववरच दाबस."

मी वैतागले. "अगं माय, ते जरासं दबलंय, गेलं नाहीये. डीजेत असंच असतं." माझ्या कामातलं मला सांगते म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं आणि तिचंच खरं निघालं. नाव आणि टाळी एकदमच पडली पाहिजेत ही आमची रीत. टाळीवर मी किक ठेवलेली. मग किक पडली की साइडचेन जे दाबणार ते बरोबर नावच. लांबलचक ओळी सगळ्या स्वच्छ ऐकू येत होत्या, आणि एकूण एक नाव किकखाली गाडलेलं. तिनं आयुष्यभर टाळी इतकी चोख दिली नसती तर एखादं नाव ठोक्याखालून निसटलं तरी असतं.

"माले दुसरं काही नको," माय म्हणाली. आवाज आता फार वेळ टिकत नव्हता तिचा. "एक नाव ऐकू जावाले पाहिजे. बाकी तुनं तू पाय."

मी सगळं उलटं केलं. कॉम्प्रेसर मायच्या आवाजावरून काढून किकवर बसवला आणि त्याचा कान मायच्या आवाजाला जोडला. आता नाव आलं की खाली बसायचं ते किकनं. काकांच्या नावाशी तर किक जवळजवळ नाहीशीच केली. मायनं ऐकलं, मांडीवर टाळी दिली, आणि म्हणाली, "आते कसं!"

चुलत भावाला हे नवीन पाठवलं. "अक्का, मधेच ठोका मरतो," तो म्हणाला. "पोरं पाय उचलतील आणि खाली ठोकाच नाही. तोंडावर पडतील ना!"

"पडू देत. हेच वाजवायचं."

"बरं बरं."

आमच्याकडे "बरं" म्हणजे ऐकलं, एवढंच. मानलं असा त्याचा अर्थ होत नाही. जन्म इथेच काढून मला हे तेव्हा सुचलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी माय सारखी बोलत होती. वॉर्डातल्या बायकांशी, नर्सशी, झाडूवालीशी. कोणाचं माहेर शिंदखेड्याचं निघालं, कोणाची मुलगी आमच्या गावाशेजारी दिलेली निघाली. मला वाटत होतं माझ्याशी काहीतरी बोलेल, लक्षात ठेवण्यासारखं. स्ट्रेचर हलल्यावर तिनं मान वळवली आणि म्हणाली, "घर कूलरमा पानी टाकी ठेवजो." दार बंद झालं. तिच्या आवाजातलं माझ्यासाठी शेवटचं वाक्य ते. मला त्याचा राग येतो, अजून येतो. कूलर दिसला की येतो.

नंतरचे महिने ती माझ्याकडेच होती. जखम भरली. गळ्याच्या छिद्रावर पातळ कापड बांधायचं आणि वरून पदर घट्ट घ्यायचा, असं ती शिकली. हाक मारायची असली की टाळी वाजवायची. एक टाळी म्हणजे इकडे ये. माझं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही, घेणार कशी, पण मला त्या टाळीत ते ऐकू यायचं. एकदा मी खोलीत तिचं गाणं लावलं होतं, मिक्स तपासत होते, तर ती स्वयंपाकघरातून आली, दारात उभी राहिली आणि हातानं खूण केली. बंद कर. डोळे भरलेले. मी लगेच बंद केलं. मेलं माझंच चुकलं, मला कळायला हवं होतं. स्वतःचा आवाज दुसऱ्या खोलीत चालता-बोलता ऐकणं कसं लागत असेल, देव जाणे.

गहू मोजायच्या दिवशी आम्ही सकाळी गावी जाऊन संध्याकाळी परत आलो. घसा बसलाय तिचा, डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय, असं मी सगळ्यांना सांगितलं. मुठी मोजून झाल्या आणि मायनं सर्वांदेखत आणखी एक मूठ टाकली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. ती मूठ कोणाची, ते सगळ्यांना कळलं आणि कोणीच विचारलं नाही. काकांच्या कानावर गेलं असेल का, मला ठाऊक नाही. त्यांच्या घरी तेव्हा आमच्यातलं कोणी जात नव्हतं.

रविवारी कानबाई बसली. गाणं दुसऱ्या एका चुलतीनं धरलं आणि माय मागे भिंतीशी टेकून फक्त टाळी देत राहिली. सगळ्यांना सोमवारचं कौतुक होतं. मायचं गाणं उद्या भोंग्यावर येणार!

सोमवारी सकाळी निघालो. पुढे डीजेची गाडी, तिच्यापुढे नाचणारी पोरं, मागे कानबाई डोक्यावर घेतलेल्या बायका. मायनं हट्टानं कानबाईचा चौरंग आपल्या डोक्यावर घेतला होता. मी तिच्या शेजारी. गाडीनं मायचं गाणं लावलं आणि पहिल्या ठोक्यालाच मला कळलं.

गाणं उसळत होतं. श्वास घेतल्यासारखं खालीवर होत होतं. म्हणजे पहिलं. जाळ असलेलं.

मायनं चौरंगाखालून डोळे वळवून माझ्याकडे बघितलं. तिलाही पहिल्या ठोक्यालाच कळलं होतं. मी पोरांमधून वाट काढत पुढे पळाले. चुलत भाऊ गाडीच्या टपाला धरून नाचत होता. मी त्याचा शर्ट ओढला.

"हे नाही! दुसरं लाव!"

"दुसऱ्यात दम नव्हता अक्का! गाडीवाल्याला हेच दिलंय!"

"अरे नावं खातंय ते!"

"कोण खातंय?" त्याला खरंच कळलं नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा नाचायला लागला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण बडवून तरी काय उपयोग? गाडी काकांच्या वळणाला लागली होती.

काका ओट्यावर उभे होते. पांढरी बंडी, हाताची घडी. काकू मागे दारात. इतकी वर्षं या दिवशी ते दार लावून घ्यायचे. यंदा उघडं होतं. मायचा आवाज ऐकूनच त्यांनी उघडलं असणार. ते ऐकत होते. सगळी भाऊबंदकी हे गाणं पाठ ओळखते, कोणत्या ओळीनंतर कोणाचं नाव ते सगळ्यांना माहीत असतं. काकांच्या नावाच्या आधीची ओळ आली, स्वच्छ, मायच्या चिरक्या आवाजात. काकांनी हाताची घडी सोडली. आणि मग ठोका पडला. नुसता ठोका. छातीवर. पुढची ओळ सुरू झाली.

काका वळले आणि दाराकडे निघाले.

मी गाडीवर कशी चढले मला आठवत नाही. साडी कुठेतरी अडकून फाटली होती, ती नंतर दिसली. ऑपरेटरला बाजूला सारून मी मुख्य आवाज खाली ओढला. एकदम शांत. जनरेटरची घरघर फक्त. पोरं थांबली, ओरडायला लागली, आणि मग तीही गप्प झाली, कारण माय चौरंग डोक्यावर घेऊन ओट्यासमोर जाऊन उभी राहिली होती.

"आते कसाले थांबन्यात?" काका पाठमोरेच म्हणाले. "चालू द्या. त्यामा मनं काय शे?"

ते वळले. समोर मायला बघून त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं ते.

"काय म्हननं ते तोंडे म्हन ना वहिनी! भोंगावर कसाले? त्या दिनले भोंगा लागना नही तुले. म्हन आते!"

ते रेकॉर्डिंग होळीच्या आधीचं आहे आणि त्यानंतर तिचा आवाजच गेलाय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी मायचा आवाज तसाच होता, आत्ताच तर ऐकला होता, आणि ती तिच्या हट्टानं गप्प होती.

मायनं तोंड उघडलं. ओठ हलले. त्यांच्या नावाचेच हलले, मी गाडीवरून बघत होते. तोंडातून हवासुद्धा आली नाही, तिचा श्वास आता तिथून जातच नाही. तो गळ्यापाशी गेला आणि पदर तिथे हलला. पुन्हा ओठ हलले, पुन्हा पदर हलला. दोन्ही हात चौरंगाला, त्यामुळे तिला तो धरता येईना. वाऱ्यानं सरकला आणि खालचं कापड दिसलं.

काका त्या कापडाकडे बघत राहिले. काकूंच्या तोंडून "अगं माय वं" एवढंच आलं. काकांनी वर गाडीवर माझ्याकडे बघितलं.

"कव्हय?"

"होळीले," मी म्हटलं.

चुलतीनं पुढे होऊन मायच्या डोक्यावरचा चौरंग घेतला. मायचे हात मोकळे झाले. मला वाटलं ती आधी पदर सावरेल. तिनं सावरला नाही. तिनं काकांकडे बघत एक टाळी दिली. एकच. त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ती टाळी कुठली ते ठाऊक होतं.

काकांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मोठा माणूस, लहान पोरासारखा ओठ आवळून उभा. मग म्हणाले, "ऐकू उनं, वहिनी. ऐकू उनं."

ते चपला न घालता ओट्यावरून उतरले आणि काकू त्यांच्यामागून. मी गाणं पुन्हा लावलं नाही आणि कोणी मागितलंही नाही. बायकांनीच साधं काहीतरी धरलं आणि आम्ही नदीवर गेलो.

मायला जे हवं होतं ते झालं म्हणायचं का? काका आले. पण नाव ऐकून आले की गळा बघून? तिनं बजावून सांगितलं होतं, दया नको. नदीवर ती पाण्याकडे तोंड करून बसली होती, पदर आता घट्ट धरलेला, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला काही म्हणता काही कळेना. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काका माझ्याशेजारी येऊन बसले. हातात रोट होता, त्यांच्या नावाच्या मुठीचा, मायनं दिलेला. खात नव्हते, नुसता धरून होते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "खरं सांगजो. त्या गानामा मनं नाव व्हतं का?"

"व्हतं काका. ठोक्याखाली दबी गयं." मी पर्समधून फोन काढला. "माझ्याकडे दुसरं आहे. त्यात स्वच्छ आहे. लावू? आत्ता ऐकवते."

त्यांनी मायच्या पाठीकडे बघितलं आणि माझ्या फोनवर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "तिले ऐकू जाई."